काचेच्या बॅटरीत माझी मूठ

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. माणसानं विश्वास ठेवावा तरी कोणावर? दोन पदव्या घेतलेल्या प्राध्यापकावर, पितळ वितळवणाऱ्या मिस्त्रीवर, की चौथीत शाळा सोडून वीस वर्षं काटा धरलेल्या माझ्यासारख्या दुकानदारावर? थांबा, थांबा! समोर बसलोय म्हणून भिडेखातर माझं नाव घेऊ नका. माझी जी फजिती झाली ती आधी ऐका, मग काय ते बोला.

दुष्काळाच्या सालातली गोष्ट. नगरात माझं दुकान होतं. धुण्याचा सोडा, टाकणखार, तुरटी, नवसागर, रंग, असला सगळा माल. गिऱ्हाईक म्हणजे परीट, सोनार, रंगारी. डब्यांवरची इंग्रजी लेबलं वाचून वाचून मी बऱ्यापैकी इंग्रजी शिकलो होतो. रसायनशास्त्रही आपल्याला येतं, अशी माझी समजूत होती. समजूतच म्हणायची!

तर एक दिवस टिळेकर सर दुकानात आले. हे कॉलेजात रसायन शिकवायचे. किडकिडीत अंग, शर्टाला ॲसिडनं पडलेली भोकं, आणि बोलताना नजर समोरच्याच्या डोक्याच्या वर कुठंतरी. मला म्हणाले, "शेठ, धुण्याचा सोडा हवाय. भरपूर."

"घरात धुणं फार दिसतंय, सर."

"धुणं नाही हो. बॅटरी करायची आहे."

सोड्याची बॅटरी! मी लगेच स्टूल पुढं केलं आणि चहा सांगितला. असलं गिऱ्हाईक काय रोज येतं का?

"ट्रकची बॅटरी कधी उचललीय?" सरांनी विचारलं.

"उचलली नाही. उचलणाऱ्याची कंबर धरलेली पाहिलीय."

"शिशाची असते म्हणून. शिसं जड, महाग आणि वर विषारी. मिठात सोडियम असतो, सोड्यातही असतो, आणि त्याला काही तोटा नाही. त्याच्यावर चालणारी बॅटरी मला करायचीय. तिच्यात दोन पाट्या असतात. बॅटरी भरली की सोडियमचे कण एका पाटीत जाऊन बसतात. दिवा लावला की बाहेर पडतात. म्हणजे त्या पाटीत कणांना बसायला जागा हवी. ती पाटी मी काचेची करणार."

"काचेत कसली आलीय जागा? काचेतून पाणी जात नाही!"

सरांनी मागं वळून माझ्या वखारीत पाहिलं. "तुम्ही थप्पी लावलेल्या पोत्यांत हात शिरतो का?"

"बोट शिरणार नाही. थप्पी मी स्वतः लावलीय."

"आणि ट्रकमधून नुसती ढकलून दिलेली पोती?"

"त्यात मांजर बाळंत होतं, सर!"

"झालं तर मग! थप्पी लावली की स्फटिक, ढीग केला की काच. मला ढीग हवाय."

खरं सांगतो, इतकं सोपं शास्त्र मला पुन्हा कुणी शिकवलं नाही. त्या क्षणापासून मी त्या काचेचा भागीदारच झालो. सरांनी मला भागीदार केलं नव्हतं, ते सोडा. माझा मी झालो.

कॉलेजला तेव्हा सुट्टी होती आणि तिथला नाजूक काटा कुलपात होता. म्हणून सरांनी मला चिठ्ठी दिली. अर्धा किलो सोडा, मुंबईहून मागवलेलं फॉस्फेट एक किलो आणि लोखंडाची तांबडी पूड अर्धा किलो. सर बाहेर चहा पीत बसले. मी मागच्या वखारीत टांगलेल्या काट्यावर तीन पुड्या बांधून आणल्या.

त्या पुड्या घेऊन आम्ही गेलो स्टेशनकडं, भागुजी मिस्त्रीच्या भट्टीवर. भागुजी पारनेरकडचा. इंजिनांचे पितळी भाग ओतायचा. माणूस असा की तोंडानं कधी गोड बोलणार नाही आणि हातानं कधी वाईट काम करणार नाही. त्यानं पुड्या मुशीत रिकाम्या केल्या, भट्टी फुलवली, आणि तो लालभडक रस लोखंडी पत्र्यावर ओतला. थंड झाला तर काय? काळीभोर, चकचकीत काच! तोंड दिसत होतं तिच्यात. सरांनी ती कुटली, काजळीत कालवली, पाटीवर थापली आणि खाऱ्या पाण्यात बुडवली. समोर दुसरी काळी पाटी. बॅटरी भरली, टॉर्चचा बल्ब जोडला.

लागला हो! परत भरली, परत लागला. दहा वेळा भरली, दहा वेळा लागला!

सरांनी मला मिठी मारली. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर काजळीची दहा बोटं उमटली. घरी बायको म्हणाली, "कुणाशी मारामारी केलीत?" म्हटलं, "शास्त्राशी!"

सरांनी सगळं वहीत लिहिलं आणि पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेला पत्र धाडलं. उत्तर आलं. आमचा माणूस अमुक शनिवारी येईल, त्याच्यासमोर काच पहिल्यापासून करून दाखवा. दिवा लागला तर दोन वर्षं इथं येऊन काम करा, भट्टी आमची, सामान आमचं. सरांची आयुष्यभराची इच्छा हो ती! आणि नाही लागला तर? तर इकडं प्राचार्य टपलेच होते. सरांची प्रयोगाची शेड त्यांना सायकली ठेवायला हवी होती. "सर तिथं दिवे लावतात की थापा मारतात, ते एकदा कळू दे," असं ते चारचौघांत म्हणालेसुद्धा होते.

पुण्याचे साहेब येण्याआधी हात बसावा म्हणून सरांनी दुसरा घाणा केला. एव्हाना कॉलेज उघडलं होतं. कॉलेजचा काचेच्या पेटीतला काटा म्हणजे, माशी बसली तर माशीचं वजन सांगेल. सरांनी सगळा माल त्याच्यावर स्वतः तोलला. भागुजीनं ओतला. आणि निघालं काय? मातकट ढेकूळ! ना चकाकी, ना काही. सरांनी ते फोडून पाहिलं आणि खाली बसले.

"थप्पी लागली, शेठ. आतून थप्पी लागली."

बल्ब जोडला. मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखा दिसत होता. तिसरा घाणा, ढेकूळ. चौथा घाणा, ढेकूळ.

आता माझी हुशारी सुरू झाली. खरं नुकसान तिनंच केलं. मी म्हटलं, कोक खराब. मालधक्क्यावरनं निवडून कोक आणला. ढेकूळ! मी म्हटलं, मूस जुनी. त्याच मापाची नवी मूस आणली. ढेकूळ! मी म्हटलं, भट्टीचं तोंड पूर्वेला नाही. सर माझ्याकडं इतका वेळ बघत राहिले की मी तो मुद्दा मागं घेतला.

मग राहिलं कोण? भागुजी! मी छातीठोकपणे भट्टीवर गेलो.

"मिस्त्री, मुशीत पितळ राहतंय तुमच्या."

भागुजीनं सांडशी खाली ठेवली. "कोन म्हनतं?"

"मी म्हणतो. पहिला घाणा बरोबर, पुढचे सगळे वाईट. सरांच्या हिशेबात चूक नाही. माझा माल तर चोख. मग उरलं कोण?"

"शेठ, मूस मी घासून घेतो. माझ्या जेवायच्या ताटापरीस सोच्छ हाय ती."

"मग काच होत का नाही?"

"मला काय इचारता? मी काय काच हाय? हे घ्या भट्टी आन् हे घ्या सांडशी. तुमीच ओता! तुमाला लई कळतंय." आणि गडी टोपी घालून एस.टी. स्टँडकडं चालू लागला. थेट आपल्या गावी!

तो मंगळवार होता. साहेब शनिवारी येणार!

मी सरांकडं गेलो तर ते पत्र लिहीत बसलेले. "पहिल्या वेळी माझ्या पाहण्यातच चूक झाली असावी. आपण येण्याची तसदी घेऊ नये." मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. चूक कसली? बल्ब मी पाहिला होता! दहादा पाहिला होता!

"सर, हे पत्र टाकू नका. एक दिवस द्या मला."

"शेठ, जे मला परत करून दाखवता येत नाही, ते मी केलं असं कुठल्या तोंडानं सांगू?" सर हळू आवाजात म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

बुधवारी सकाळी पहिल्या एस.टी.नं मी भागुजीच्या गावी. रस्त्याला दुतर्फा खडी फोडायची कामं चाललेली, विहिरींनी तळ गाठलेले. भागुजी ओट्यावर बसला होता. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. त्याच्या बायकोनं मात्र फिरवलं नाही. "या शेठ. पितळ शोधाया आला का? आमच्याकडं एक तांब्या हाय, घेऊन जावा."

मी ओट्याच्या कडेला टेकलो. चूक माझी असली की बायका काय बोलतात ते ऐकून घ्यावं, निदान वेळ वाचतो.

तेवढ्यात शेजारची बाई ज्वारीचं पीठ उसनं मागायला आली. भागुजीच्या बायकोनं शेराचं माप काढलं, शिगोशीग भरलं, तिच्या ओटीत ओतलं, आणि वर आणखी एक मूठ टाकली.

आता बघा हं, ते दुष्काळाचे दिवस. त्यांच्याच डब्याचा तळ खडखडत होता. मी न राहवून विचारलं, "वहिनी, माप तर भरलं होतं. वर मूठ कशाला?"

ती माझ्याकडं असं बघायला लागली, जसं मी श्वास कशाला घेता असं विचारलं. "मग? नुसतं मापाला माप द्यायचं व्हय? बरं दिसतं का ते?"

आणि मंडळी, माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. टॉर्चच्या बल्बपेक्षा मोठा!

अहो, मीही तेच करतो ना! सोडा तोलायचा, पारडं खाली गेलं की वर एक मूठ टाकायची. परटांना माझ्या दुकानाची सवयच त्या मुठीची. माझा हात वीस वर्षं आपोआप जातो, मला विचारतसुद्धा नाही. महागाच्या मालावर मूठ नाही टाकायची, तिथं काटा अगदी समोरासमोर. म्हणजे सरांच्या पहिल्या पुडीत सोडा होता अर्धा किलो, अधिक माझी मूठ! आणि पुढचे सगळे घाणे सरांनी स्वतः तोललेले. बिनमुठीचे!

मी ओट्यावरच भागुजीचे पाय धरले. तो टुणकन उठला. "अहो शेठ, हे काय? लोक बघत्यात!"

"मिस्त्री, तुमची मूस स्वच्छ होती. माझा हात वाईट होता."

"मग आदी बोलायचं न्हाई का? चार दिवस कोक फुकट जाळला!" असं म्हणत त्यानं टोपी घातली. निघताना बायकोला म्हणाला, "बघ, शेठला घिऊन चाललोय. पितळ सापडलं."

सरांच्या शेडमध्ये मी हात जोडून उभा राहिलो. "सर, गुन्हा झाला. तुम्ही लिहून दिलं होतं त्याच्यापेक्षा जास्त सोडा घातला मी."

मला वाटलं सर रागावतील. सर उठून उभेच राहिले. "किती?"

"एक मूठ."

"मूठ म्हणजे किती?"

"मूठ म्हणजे... मूठ!"

मग काय सांगता! सरांनी मला पोत्याजवळ उभं केलं आणि वीस वेळा मूठ भरायला लावली. प्रत्येक मूठ त्या माशीच्या काट्यावर. "शेठ, विचार करू नका. गिऱ्हाईक समोर आहे असं समजा." मी समजलो. भागुजी गिऱ्हाईक झाला आणि "सोडा ओला हाय, सस्त्यात द्या" म्हणून घासाघीस करू लागला. त्याशिवाय माझा हात मोकळा होईना! वीस मुठींची सरासरी निघाली चाळीस ग्रॅम. सरांनी ती वहीत लिहिली, आणि माझ्या आग्रहाखातर पुढं हेही लिहिलं : "व्यापाऱ्याने उदारपणे अधिक सोडा घातला होता." ते वाक्य मी दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं.

शनिवारी साहेब आले. बारीक चष्मा, कमी बोलणं. सरांनी कॉलेजचा काटा भट्टीवरच आणवला, त्यांच्यासमोर त्यावर माल तोलला, सोड्यात चाळीस ग्रॅम जादा टाकला. भागुजीनं भट्टी फुलवली. मी कोपऱ्यात उभा. माझे ओठ हलत होते, कोणत्या देवाला ते मलाही माहीत नव्हतं. रस ओतला. थंड झाला.

काळीभोर! चकचकीत! सरांचा चेहरा दिसत होता तिच्यात, आणि त्या चेहऱ्याला रडू येत होतं.

दुपारी बल्ब लागला. साहेबांनी तो तीनदा काढून लावून पाहिला, तीनदा लागला. ते सरांना म्हणाले, "पुढच्या महिन्यात या पुण्याला. सामानाची यादी आणा." झालं! सगळ्या भट्टीनं एकदम श्वास सोडला. माझ्या तर छातीवरनं सोड्याचं पोतं उतरलं.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर? तर आज हा किस्सा कुठला! पण मी पडलो व्यापारी. साहेबांना चहा देताना म्हटलं, "साहेब, तसं पाहिलं तर या काचेत सगळ्यात महत्त्वाची ती मूठ. आमच्या दुकानात गिऱ्हाईकाला वर दिल्याशिवाय आम्ही पुडी बांधत नाही. नगरात कुणालाही विचारा."

"अस्सं," साहेब म्हणाले, आणि वही वाचू लागले.

आणि इथं भागुजी बोलला. तसं काही मनात नव्हतं त्याच्या. मूस पुसता पुसता बोलून गेला. "एक इपरीत वाटलं बघा. आज मूस काठापत्तुर भरली हुती. पयल्या टायमाला चांगली बोटभर रिकामी हुती."

साहेबांनी चष्मा वर केला. "पण माल तर तेवढाच होता ना? त्या वेळी आणि आज?"

"तेवढाच," सर म्हणाले.

"मग मूस रिकामी कशी?"

सगळे भागुजीकडं बघू लागले. भागुजी माझ्याकडं बघू लागला. मी छताकडं.

"शेठ," साहेब फार प्रेमानं म्हणाले, "पहिल्या घाण्याला वापरलेलं वजन आणता का जरा?"

आणलं. मला काय भीती? वखारीतलं जुनं, ओतीव लोखंडाचं अर्ध्या किलोचं वजन. पुढच्या काट्याची वजनं दरसाल छाप मारून येत. हे मागं अंधारात पडलेलं, वखारीच्या सामानाबरोबर आलेलं, मी कधी हातात धरून निरखलं नव्हतं. सरांनी ते माशीच्या काट्यावर ठेवलं. काटा हलला, थांबला.

चारशे साठ.

सरांनी ते उलटं केलं. वजनाच्या बुडाला भोक असतं, त्यात शिसं भरून ते नेमकं करतात. भोक होतं. शिसं नव्हतं. केव्हा गळून पडलं देव जाणे!

साहेबांनी पेन्सिल काढली. "म्हणजे फॉस्फेट दोनदा तोललं, दोन्ही वेळा चाळीस कमी. लोखंडाची पूड चाळीस कमी. आणि सोडा चाळीस कमी, त्यात शेठची मूठ चाळीस. म्हणजे सोडा बरोब्बर अर्धा किलो." ते हसले. "प्रमाण तेच येतं, म्हणून आज दिवा लागला. काळजी नको, टिळेकर. पण वहीतलं ते वाक्य बदला."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. बिचाऱ्यांना माझीच दया आली. "शेठ, राहू दे का?"

काय करणार? याच माणसानं, स्वतःची चूक नसताना, स्वतःच्या चुकीचं पत्र लिहायला घेतलं होतं. त्याच्या वहीत माझ्यासाठी खोटं ठेवायचं? म्हटलं, "नाही सर. खोडा."

त्यांनी उदारपणा खोडला, आणि खाली लिहिलं. साहेबांनी त्यावर सही केली. भागुजीनं "काय ल्हिवलं? काय ल्हिवलं?" म्हणून मलाच ते वाचून दाखवायला लावलं. मग तो भट्टीच्या कठड्यावर बसून इतका हसला की कोक निवला. त्या दिवसापासून तो माझा जिगरी दोस्त. सर पुण्याला गेले. ते वजन मी त्याच दिवशी भट्टीत टाकलं, आणि पुढचे दोन महिने वखारीतून माल नेणाऱ्या प्रत्येकाला खरी हकीकत सांगून राहिलेलं भरून दिलं. दोन परीट तर म्हणाले, "शेठ, आम्हाला माहीत होतं. मूठ मिळते म्हणून गप्प होतो!"

म्हणून हात जोडून एक मागणं आहे, मंडळी. दुकानाची असो, घराची असो की प्रयोगाची, वही ठेवाल ती खरी ठेवा. हिशेब लिहिताना माझ्यासारख्यांची भीड धरू नका. आणि कधी त्या काचेची गोष्ट कुठं लिहायची वेळ आली, तिच्यात शेठनं काय घातलं असं कुणी विचारलं, तर सरांनी वहीत जे लिहिलं तेच लिहा : "व्यापाऱ्याने जादा काहीही घातले नाही. इतर सर्व माल कमी दिला."